आमची यादीवही

यादी म्हटली की बहुतेकांना वाण्याची यादी आठवते, नाही तर लग्नातल्या आहेरांची. या दोन्ही याद्या करताना माणूस गंभीर असतो आणि त्या पुऱ्या झाल्यावर अधिकच गंभीर होतो. पण निव्वळ गंमत म्हणून, चार माणसांनी एका टेबलाभोवती बसून, ज्यांचा कवडीचाही उपयोग नाही अशा याद्या करीत राहावे, हा उद्योग फारसा कोणी केला नसावा. आम्ही तो अठरा वर्षे केला, आणि तोही नोकरीच्या जागी बसून केला. नवल असे की, ज्या याद्या करण्यासाठी आम्हांला पगार मिळत होता त्यांतली एकही आज शिल्लक नाही. बिनपगारी याद्यांची वही मात्र माझ्या कपाटात आहे.

मी मूळची पुण्याची. १९७१ साली लग्न होऊन बडोद्याला, दांडिया बझारात आले आणि दुसऱ्याच वर्षी शहरातल्या एका ग्रंथालयाच्या सूचीविभागात मला नोकरी लागली. सूचीविभाग म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. त्या काळी ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची पाच इंच लांब आणि तीन इंच रुंद अशी कार्डे करावी लागत. एक लेखकाच्या नावाचे, एक ग्रंथनामाचे, एक विषयाचे. कार्डाला खालच्या बाजूस मधोमध भोक असे. ती अक्षरानुक्रमाने लाकडी खणांत लावायची आणि भोकांतून सळई ओवायची, म्हणजे कोणी कार्ड उपसून नेऊ नये. मराठी, गुजराती, इंग्रजी असे तीन भाषांचे खण वेगळे. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत आम्ही हेच करीत असू. थोडक्यात, दिवसभर याद्याच.

बडोद्यात या कामाला एक मान होता. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले, राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले, खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या, हे बडोदेकर वाचकांना मी सांगावे असे नाही. माझे मामंजी तर हा इतिहास आपल्याच घरचा असल्यासारखा सांगत. सून ग्रंथालयात नोकरीला लागली याचा त्यांना झालेला आनंद, ती सून दिवसभर तिथे काय करते हे कळल्यावरही कमी झाला नाही.

आमच्या विभागात आम्ही चौघे. सर्वांत वडील तात्या. चाळिशीचे, धोतर-कोटातले, अक्षर मोत्यासारखे. त्यांच्या तीन पिढ्या बडोद्यात नोकरीत गेलेल्या. दुसऱ्या बेन. त्या गुजराती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, गुजराती खणांवर त्यांचे राज्य. तिसरे मास्तर. ते खरे वाचनकक्षाचे, पण त्यांची खुर्ची आमच्या दाराशी असल्यामुळे चहाला आमच्यात. पूर्वी शाळेत शिकवीत असल्याने मास्तर हे नाव त्यांना चिकटले ते चिकटलेच. आणि चौथी मी. मला सगळे 'वहिनी' म्हणत.

नोकरीचा तिसरा की चौथा दिवस असेल. बेन माझ्या टेबलाशी आल्या आणि हसतमुखाने म्हणाल्या, "तमे नवरां छो?" मला तेव्हा गुजरातीचा गंधही नव्हता. 'नवरा' एवढे मात्र कानाला कळले. नवी नवरी मी. वाटले, या आमच्या यजमानांची चौकशी करताहेत. मी मान खाली घालून सांगितले, "हो, ते बँकेत आहेत."

सूचीविभागात क्षणभर शांतता पसरली. मग तात्यांना एकाएकी खोकला झाला, मास्तर चष्मा पुसू लागले, आणि बेन मात्र सरळ खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गुजरातीत 'नवरुं' म्हणजे रिकामे, हाताला काम नसलेले. तुम्ही जरा मोकळ्या आहात का, एवढेच त्या मला विचारीत होत्या.

मला रडू फुटायच्या बेतात होते. दुपारी चहा आला तेव्हा तात्यांनी कपाटातून एक जुने, निम्मे कोरे ॲक्सेशन रजिस्टर काढले. ग्रंथालयात आलेले पुस्तक आधी या रजिस्टरात दाखल होते. त्यात रकाने छापलेले असतात : अनुक्रम, लेखक, ग्रंथनाम, किंमत, शेरा. तात्यांनी टाक शाईत बुडवला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नोंद केली : अनुक्रम १. लेखक : वहिनी. ग्रंथनाम : नवरा. किंमत : पाव किलो लीलो चेवडो. शेरा : मराठीत धनी, गुजरातीत रिकामा, काही घरांत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात.

रजिस्टर माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "वहिनी, अशी फजिती बडोद्यात प्रत्येकाची झालेली आहे. तुमची फक्त नोंदली गेली. आता चेवडा आणा."

ज्या गोष्टीची लाज वाटत होती तिला अनुक्रम मिळाला, आणि लाज गेली. त्या दिवशी मी पाव किलो चेवडा आणला, आणि आमची यादीवही सुरू झाली.

पहिली यादी अर्थातच 'फसवे शब्द'. दोन्ही भाषांत दिसायला सारखे, अर्थाने निराळे. वर्षभरात ती साठाच्या वर गेली, आणि त्यांतले निम्मे शब्द माझ्या पदरच्या फजितीने कमावलेले होते. चैत्रात मी शिपायाला 'केरी' आणायला पैसे दिले. मला पन्ह्याला कैऱ्या हव्या होत्या. त्याने पिकलेले आंबे आणले, कारण गुजरातीत केरी म्हणजे आंबा. कैरी हवी तर 'काची केरी' म्हणावे लागते. बेन म्हणाल्या, "बधा भेगा थईने जमीशुं," आणि मी नकळत आपल्या टाचांकडे पाहिले. त्यांच्या भेगा म्हणजे एकत्र. 'सिंग' म्हणजे भुईमुगाचे दाणे, त्यामुळे भरूचची खारी सिंग हा पदार्थ ऐकून माझ्या डोळ्यांपुढे बैल उभा राहिला. 'बा' म्हणजे आई. आमच्या खेड्यांत बा म्हणजे बाप. 'लीलो' म्हणजे हिरवा, पण ओलाही. आपण ज्याला ओला दुष्काळ म्हणतो तो त्यांचा लीलो दुकाळ. तेव्हा लीलो चेवडो हिरवा का नसतो, हे कोडेही सुटले.

ग्रंथालयाच्या कामात दोन शब्द फार छळीत. 'मूकवुं' म्हणजे ठेवणे आणि 'जडवुं' म्हणजे सापडणे. बेन म्हणत, "चोपडी मूकी दीधी," की माझ्या मराठी मनाला वाटे, गेले, पुस्तकाला मुकलो. आणि हरवलेले पुस्तक मिळाल्यावर "जडी गई" म्हणत, तेव्हा ते कुठे आणि कशाला जडले ते मी शोधू लागे. तात्यांनी या जोडीपुढे शेरा मारला : 'जे ठेवले त्यास मराठी माणूस मुकतो. जे सापडले ते त्यास जडते. दोन्ही भाषा खऱ्या.'

हे सारे चालू असताना तात्यांच्या टेबलावर एक मोठा ग्रंथ नेहमी असे, तो म्हणजे 'श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू'. राज्यकारभारातल्या शब्दांचा हा कोश १९३१ साली महाराजांच्या आज्ञेने निघाला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली अशा आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी बसवलेले. तात्यांना त्याचा फार अभिमान. एका शब्दासाठी आठ भाषांच्या पंडितांना एका पानावर आणणारा राजा होऊन गेला, आणि आपण त्याच गावात बसून एका शब्दावर चेवडा खातो, असे ते म्हणत. म्हणून आमच्या वहीवर त्यांनी नाव घातले : 'लघुकल्पतरू'.

वहीचे नियमही ठरले. पहिला, कोणतीही नोंद दोघांच्या अनुमोदनाशिवाय होणार नाही. दुसरा, एकदा दिलेला अनुक्रम बदलणार नाही. तिसरा, कोणाच्या नावाने टवाळी नाही. माणसाचे नाव वहीत यायचे ते फक्त लेखकाच्या रकान्यात. हे नियम आम्ही ग्रंथालयाच्या नियमांपेक्षा कडक पाळले.

मग याद्यांना बहर आला. 'वाचनकक्षात झोपण्याच्या पद्धती' ही मास्तरांची. तीत वर्तमानपत्र तोंडापुढे उभे धरून झोपणारे, हनुवटीखाली ज्ञानकोश घेऊन झोपणारे, आणि डोळे उघडे ठेवून झोपणारे असे वर्ग पाडलेले होते. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. आमची 'सहाव्या सूत्रांची यादी' सत्तावीसपर्यंत गेली. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, यावर मात्र चौघांचेही एकमत होते.

'पुस्तक उशिरा परत करण्याची कारणे' ही सर्वांत लोकप्रिय. दिवसाला पाच पैसे दंड. तेवढ्यासाठी माणसे काय काय सांगत! घरात लग्न होते, सासरे वाचीत होते आणि ते अक्षर अक्षर चघळून वाचतात, उत्तरायणात पतंग उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवले ते गच्चीवरच राहिले, म्हशीने खाल्ले. एका पावसाळ्यात फतेगंजाकडचे एक गृहस्थ म्हणाले, विश्वामित्रीला पूर आला होता आणि अंगणात मगर बसली होती. दुसऱ्या कोणत्याही गावात असे कारण सांगणाऱ्यास वेड्यात काढले असते. बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरी पुराबरोबर वस्तीत येतात हे पोराठोरांना ठाऊक. तात्यांनी चौकशी न करता दंड माफ केला आणि शेरा लिहिला : 'कारण सबळ. मगरीस ओळखपत्र मागू नये.'

या यादीतल्या एकाच नोंदीपुढे विनोद नाही. एक पोक्त बाई दोन महिने उशिरा एक कादंबरी घेऊन आल्या. कारण विचारले तर म्हणाल्या, "शेवटची वीस पाने राहिलीत. संपली की घरात दुपारी कोणीच नसेल." तात्यांनी पुस्तक पुन्हा त्यांच्या नावावर लिहून दिले आणि दंड स्वतःच्या खिशातून भरला. त्या गेल्यावर वहीत कारण जसेच्या तसे उतरवले. किंमत आणि शेरा हे रकाने रिकामे ठेवले.

तसाच एक रिकामा रकाना 'पुस्तकांत सापडलेल्या वस्तू' या यादीत आहे. पिंपळपान, मोरपीस, बसचे तिकीट, रेशनची पावती, केसांचा आकडा, असे बरेच काही त्यात आहे. एकदा एका चरित्रग्रंथात बंद पाकीट सापडले. पत्ता पुरा लिहिलेला, फक्त तिकीट लावायचे राहून गेलेले. पुस्तक चार वर्षांत कोणी नेलेले नव्हते. आमच्यात चर्चा झाली. उघडावे की नाही, परत करावे तर कोणाला. शेवटी तात्यांनी पदरचे तिकीट लावून ते पेटीत टाकले. चार वर्षांनी ते कोणाच्या हाती पडले असेल, कोणी उघडले असेल, हे आम्ही कितीदा बोललो असू.

आता मास्तरांची गोष्ट सांगायला हवी. १९८१-८२ चा सुमार. एक दिवस चहा घेता घेता तात्या म्हणाले, "आज नवी यादी. 'डोळे मिटून, मांडवी ते सुरसागर'. डोळे न उघडता आपण कुठे आहोत हे कशाकशावरून कळेल ते सांगायचे." मास्तर मांडवीजवळच्या एका पोळात राहत आणि रोज संध्याकाळी लहेरीपुरा दरवाज्यातून, न्यायमंदिरावरून सुरसागरापर्यंत फिरायला जात. तेव्हा या यादीचे मुख्य लेखक तेच.

आम्हांला ती यादी फार आवडली. देवळाची घंटा, फरसाणवाल्याची कढई, तिचा वास आधी आणि चुरचुर मागाहून, तांब्या-पितळेच्या दुकानांतली ठोकठोक, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, दरवाज्याच्या कमानीखाली शिरताच सायकलच्या घंटीचा बदलणारा आवाज, न्यायमंदिराच्या बाहेर टाइपरायटरांची टकटक, आणि शेवटी तलावावरून तोंडावर येणारी गार झुळूक. रोज मास्तर दोन-तीन नव्या नोंदी आणीत. तात्या उलटतपासणी करीत. "रविवारी टाइपरायटर नसतात. मग न्यायमंदिर कसे ओळखाल?" मास्तर दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत. मी हसत हसत अनुमोदन देत असे. यादी चौऱ्याऐंशी नोंदींपर्यंत गेली. पुढे पुढे तीत पायऱ्यांची संख्या आणि गटारावरच्या फरशांची जागासुद्धा आली.

मास्तरांना काचबिंदू झाला होता आणि नजर जाणार हे डॉक्टरांनी सांगितले होते, हे मला दोन वर्षांनी कळले. तात्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मास्तरांनी कोणाला सांगू नका म्हटले, म्हणून तात्यांनी सांगितले नाही, यादी काढली. पुढे मास्तर सेवानिवृत्त झाले, नजर जवळजवळ गेली, तरी ते हातात काठी घेऊन एकटे सुरसागरापर्यंत जात राहिले. एकदा मी वाटेत भेटले आणि मुद्दाम बोलले नाही. ते थबकले आणि म्हणाले, "वहिनी, केसांना माका लावता हे वहीत नोंदवलेले नाही." त्या संध्याकाळी मला कळले की आमच्या बिनउपयोगी याद्यांपैकी एक तरी यादी उपयोगाची होती, आणि ती तशी आहे हे कोणाला कळू न देणे हीच तिची खुबी होती.

तात्या १९९० साली निवृत्त झाले. निरोपाचा हार, नारळ, भाषणे सारे झाल्यावर ते आमच्या टेबलाशी आले आणि वही मागितली. म्हणाले, "शेवटची यादी. ही संपायची नाही." मथळा घातला : 'रजेवर गेलेले शब्द'.

बडोद्याच्या मराठी घरांत जे शब्द आपण लहानपणी ऐकले आणि आता ऐकू येत नाहीत, त्यांची ही यादी. शब्द मेला असे म्हणायचे नाही, रजेवर गेला म्हणायचे. आणि तो शब्द कोणाच्या तोंडून पुन्हा ऐकू आला की त्याच्यापुढे शेऱ्यात 'हजर' लिहायचे, तारीख आणि स्थळ घालून. मात्र त्यालाही नियम होते. बोलणारा तिशीच्या आतला हवा, जन्माने बडोद्याचा हवा, आणि आपण तपासले जात आहोत हे त्याला माहीत नसावे.

यादी दोन स्तंभांत होती. डावीकडे वस्तू : घंगाळ, फडताळ, कोनाडा, उतरंड, वळचण, पडवी. उजवीकडे तात्यांच्या भाषेत 'मनातले शब्द' : हुरहूर, चुटपुट, कानकोंडे होणे, निगुतीने, हिरमुसणे, आढेवेढे. डाव्या स्तंभाविषयी तात्यांना दुःख नव्हते. ते म्हणत, "घंगाळ गेले म्हणून शब्द गेला. ते रीतसर आहे. आमच्या आजोबांच्या वेळचे मोडीतले शब्द आम्ही तरी कुठे राखले? पण चुटपुट कुठे गेली आहे, वहिनी? ती तर माणसाला अजून लागते. वस्तू घरात आहे आणि तिचे नाव हरवले, हे कसले ग्रंथालय?"

यावर बेन म्हणाल्या, "अमारामां पण एवुंज छे." त्यांच्या आईचे कितीतरी शब्द त्यांच्या मुलींना कळत नव्हते. तेव्हा वहीचे पान उलटून गुजराती शब्दांचीही रजायादी सुरू झाली. तिचे नियम तेच.

खरे सांगायचे तर मला तेव्हा ही यादी जरा उदास वाटली. माझ्या घरात मी पुण्याची म्हणून मराठी टिकेल अशी माझी घमेंड होती. पण मुले गुजराती मित्रांत वाढली, इंग्रजी शाळेत शिकली. घरातले बोलणे चालू राहिले, पण ते बारीक होत गेले. 'वाढ', 'झाले का', 'येतो', 'पैसे आहेत का' एवढ्यावर भागू लागले. भाषा घरातून एकदम उठून जात नाही. ती आधी स्वयंपाकघरापुरती उरते.

२००४ साली आमच्या ग्रंथालयात संगणक आला. पुस्तकांच्या नोंदी त्यात चढल्या आणि कार्डांचे खण रिकामे झाले. वाचकांची सोय झाली, यात शंका नाही. बटण दाबले की पुस्तक कुठे आहे ते कळते. पण तात्यांचे मोत्यासारखे अक्षर पोत्यांत भरून रद्दीला निघाले तेव्हा मी आणि बेन खिडकीशी उभ्या होतो. आम्हा चौघांच्या तीस-तीस वर्षांच्या याद्या त्या पोत्यांत होत्या. साहेबांना विचारून मी एक गठ्ठा कार्डे घरी आणली. कार्डाची मागची बाजू कोरी असते. तात्यांना ती नेऊन दिली, तर त्यांनी कपाळाला हात लावला नाही की कोणाला दोष दिला नाही. एक कार्ड उलटे करून म्हणाले, "छान. बरेच शब्द मावतील."

तेव्हापासून रजेवरचे शब्द त्या कार्डांच्या पाठीवर लिहिले जाऊ लागले. एका बाजूला एखाद्या विस्मृतीत गेलेल्या ग्रंथाचे नाव, दुसऱ्या बाजूला रजेवरचा शब्द.

२०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला एक्याण्णवे मराठी साहित्य संमेलन भरले. माझे मामंजी १९३४ च्या बडोद्याच्या संमेलनात, ना. गो. चापेकर अध्यक्ष असताना, मुलगे असून पाणी वाटायला होते, हे मी शेकडो वेळा ऐकले होते. तेव्हा हे संमेलन चुकवणे शक्य नव्हते. तात्या शहाऐंशी वर्षांचे. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना आणले. बेनही आल्या. पण तात्यांना व्यासपीठाकडे जायचेच नव्हते. "दाराशी बसवा," म्हणाले, "जिथून पोरे जातात-येतात." मांडीवर कार्डांचा गठ्ठा घेऊन ते कान देऊन बसले. थोड्याच वेळात एक तरुण मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "किती आढेवेढे घेतेस!" मी आनंदाने पेन काढले. तात्यांनी हात वर केला. "थांबा. विचारा कुठली." मुलगी साताऱ्याची निघाली. "पाहुण्यांची हजेरी चालत नाही," तात्या म्हणाले आणि कार्ड परत गठ्ठ्यात गेले. दोन दिवसांत एकही शब्द हजर झाला नाही. जाताना त्यांनी गठ्ठा आणि वही दोन्ही माझ्या हाती दिली. पुढच्या वर्षी, २०१९ साली, ते गेले. मास्तर त्यांच्या कितीतरी आधी गेलेले.

त्यानंतर वही कपाटात राहिली. अनुमोदनाला दोघे लागतात आणि उरलो होतो आम्ही दोघीच. त्यांतली एक नोंद करणारी. म्हणजे नियमाप्रमाणे वही बंदच पडली होती.

गेल्या हिवाळ्यात माझा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरहून नातीचा फोन आला. ती बडोद्याची, २००३ सालची. तिचे मराठी म्हणजे आमच्या लघुकल्पतरूचे जिवंत पान. तीन भाषा एका वाक्यात नांदतात. ती म्हणाली, "आजी, सॉरी. काल मला याद होते, पण ऑफिसमध्ये मोडे झाले अने पछी वाटले तू झोपली असशील. आखी रात मला अशी चुटपुट लागून राहिली ना!"

मी म्हटले, "काय लागून राहिली?"

"चुटपुट. तूच तर म्हणतेस. दुसरे काय म्हणणार त्याला?"

मी काही बोलले नाही. वाढदिवसाचे मी केव्हाच विसरून गेले होते. फोन ठेवल्यावर कपाटातून गठ्ठा काढला. कार्ड सापडले. एका बाजूला तात्यांच्या हातची, एका जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकाची नोंद. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच हातचा तो शब्द, थोडा कापरा. पण 'हजर' लिहिण्याआधी अनुमोदन हवे. मी बेनना फोन लावला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी येते. सगळे दोनदा ओरडून सांगितले. त्यांनी तात्यांसारखीच उलटतपासणी केली. वय किती? जन्म कुठला? तिला माहीत होते का? टेलिफोनवर ऐकलेले चालते असा नियम कुठे आहे? मी म्हटले, चालत नाही असाही नियम नाही. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मारी सही. अने बीजी सही तात्यानी गणी लेजो."

मी शेरा लिहिला : 'हजर'. तारीख घातली. स्थळ : टेलिफोन.

मग बेननी विचारले, "अने किंमत?"

दुपारी मी पाव किलो लीलो चेवडो घेऊन त्यांच्या घरी गेले. दोघींना आता फार खाववत नाही. उरलेला त्यांनी डब्यात भरून ठेवला. म्हणाल्या, असू दे, तमारी पेली 'हुरहूर' क्यारेक हाजर थशे त्यारे काम लागशे.